गुब्बिओचा चेरी उत्सव (१५ मे): दोन-तीन रात्रींची सहल कशी आखावी?

डोंगरयात्री

मे महिन्यात इटलीला जाणारी आपली मंडळी रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस करतात आणि मधला उंब्रिया प्रांत राहून जातो. तुमच्या तारखा १५ मेच्या आसपास येत असतील तर वेळापत्रकातून तीन दिवस काढा आणि गुब्बिओला जा. त्यासाठी लागणारी सगळी माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा.

गुब्बिओ हे मोन्ते इंजिनो या डोंगराच्या उतरणीवर वसलेलं दगडी गाव आहे, पेरुजा जिल्ह्यात. गावाचे रक्षक संत म्हणजे बिशप उबाल्दो. ते १६ मे ११६० ला वारले, ११९२ मध्ये त्यांना संतपद मिळालं आणि ११९४ मध्ये त्यांचा देह डोंगरावर नेण्यात आला. आजही तो तिथल्या बासिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, आहे. त्यांच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी, म्हणजे १५ मे रोजी, गावकरी तीन ‘चेरी’ खांद्यावर घेऊन धावत डोंगर चढतात. वार कुठलाही असो, तारीख बदलत नाही. शनिवार-रविवार बघून बुकिंग करणारे इथेच चुकतात.

एक ‘चेरो’, अनेक ‘चेरी’. शब्दाचा अर्थ मेणबत्ती. पूर्वी गावातले व्यावसायिक संघ संताला मेण अर्पण करत. सोळाव्या शतकाच्या अखेरीला मेणाच्या जागी लाकडी सांगाडे आले आणि नाव तेच राहिलं. चेरो म्हणजे एकावर एक ठेवलेले दोन पोकळ अष्टकोनी लाकडी स्तंभ. मधून एक दांडा जातो. तो वर निघतो तिथे संताची छोटी मूर्ती बसते, खाली निघतो तो इंग्रजी एच अक्षरासारख्या लाकडी डोलीत अडकतो. स्तंभाची उंची चार मीटरच्या आसपास, सगळं मिळून वजन ३०० किलोच्या घरात. खांद्यावर घेतल्यावर संताची मूर्ती जमिनीपासून दुमजली घराइतकी वर जाते.

तिघांचे मान ठरलेले आहेत. पहिला सांत उबाल्दो, हा गवंड्यांचा, सदरे पिवळे. दुसरा सान जोर्जो, व्यापारी आणि कारागिरांचा, सदरे निळे. तिसरा सांत आंतोनियो, शेतकऱ्यांचा आणि विद्यार्थ्यांचा, सदरे काळे. पांढरी विजार, लाल रुमाल आणि कमरेला लाल पट्टा सगळ्यांनाच.

दिवस साधारण असा जातो. पहाटे ढोलवाले गल्ल्यांतून फिरून प्रमुखांना उठवतात. सकाळी प्रार्थना, मग संतांच्या मूर्तींची मिरवणूक. साडेअकरा ते बाराच्या दरम्यान पिआत्सा ग्रांदे या चौकात ‘आल्त्साता’ होते, म्हणजे आडवे चेरी उभे केले जातात. दुपारी चेरी गावभर फिरवून दाखवतात, त्याला ‘मोस्त्रा’ म्हणतात. अडीचच्या सुमारास ते व्हिआ साव्हेल्ली या रस्त्यावर विश्रांतीला ठेवतात. पाच वाजता उबाल्दोंची मिरवणूक निघते आणि सहाच्या सुमारास धाव सुरू होते. अंतर ४ किलोमीटरहून थोडं अधिक, शेवटी सुमारे ३०० मीटर उंचीचा डोंगराचा चढ.

मुक्काम १४, १५ आणि १६ असा तीन रात्रींचा उत्तम. निदान १४ आणि १५ तरी हवाच. १५ ला सकाळी बाहेरून येऊन रात्री परत जाण्याचा बेत आखू नका. रस्ते बंद असतात आणि रात्रीचं परतीचं वाहन मिळत नाही. गावातल्या खोल्या कित्येक महिने आधी संपतात. त्या मिळाल्या नाहीत तर ग्वाल्दो तादिनो, फोस्सातो दी विको, उंबेरतिदे इथे बघा, पण तेव्हा स्वतःची गाडी लागेल. खोली घेताना घरमालकाला एकच प्रश्न विचारा: १५ तारखेला दुपारनंतर घरापर्यंत चालत पोचता येतं का, आणि कुठल्या रस्त्याने? धावेच्या वाटेवरच घर असेल तर खिडकीतून सगळं दिसतं, पण काही तास दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही.

ज्यांना गाड्या, जेवण, व्हिसा यातलं नेमकं ठाऊक आहे त्यांनी भर घालावी.

---

नीरजा_पुणे

फार उपयोगी धागा. दोन प्रश्न आहेत.

१. क्रम ठरलेला आहे आणि मागच्याने पुढच्याला ओलांडायचं नाही असं वाचलं. पहिला कोण येणार हे आधीच माहीत असेल तर बघायचं काय?

२. सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई आणि ९ वर्षांचा मुलगा आहे. त्यांना नेणं शहाणपणाचं आहे का?

---

डोंगरयात्री

@नीरजा_पुणे, पहिला प्रश्न या उत्सवाच्या मुळाशी जाणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उबाल्दो पुढे, जोर्जो मधे, आंतोनियो शेवटी, हे कायमचं. शर्यत समजून बघितलं तर काहीच कळणार नाही. गावकरी तीन गोष्टी बघतात.

पहिली, चेरो सरळ राहतो का. वजन सगळं वरच्या अंगाला, त्यामुळे डोली एका बाजूला बोटभर खाली गेली तरी माथा हातभर कलतो. झुकणं हा एक दोष, पडणं हा त्याहून मोठा. कुठल्या वळणावर कोणाचा चेरो कलला याची चर्चा गावात वर्षभर चालते.

दुसरी, अंतर. पुढच्यापासून मागे पडणं ही नामुष्की. तिसऱ्या चेरोला पुढच्या दोघांच्या वेगाप्रमाणे धावायचं असतं आणि त्यांनी अडवलं तर ३०० किलो पेलत थांबायचंही असतं. माझ्या मते सर्वांत अवघड काम काळ्या सदऱ्यांचं.

तिसरी, आणि पाहुण्यांच्या नजरेतून सर्रास निसटणारी, म्हणजे खांदेपालट. एका वेळी खांदा देणाऱ्या तुकडीला ‘मूता’ म्हणतात. मुख्य खांदेकरी आठ, शिवाय त्यांना बाजूने आणि मागून रेटणारे. त्या वेगात एक तुकडी शंभर मीटरही टिकत नाही. पुढची तुकडी वाटेवर ठरलेल्या जागी उभी असते आणि चेरो न थांबता, धावता धावताच एक एक खांदा बदलतो. आत शिरणाऱ्याने उंची आणि पाऊल जुळवलं नाही तर डोली त्या कोपऱ्यात खचते. बहुतेक गडबड होते ती इथे आणि वळणांवर. पुढे तोंड करून हुकूम देणारा तो ‘कापोदिएची’, त्याचा शब्द अखेरचा.

आणि निकाल अगदीच नसतो असं नाही. वर बासिलिकेच्या आवारात उबाल्दोचा चेरो आधी शिरतो. त्याचे खांदेकरी जोर्जो आत यायच्या आधी दार लावून घ्यायला बघतात आणि निळे सदरे ते होऊ नये म्हणून जिवाचं रान करतात. दार लागलं की नाही, हाच त्या वर्षीचा निकाल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर @उंबरठा देतील, त्या जागा त्यांना जास्त नेमक्या माहीत आहेत.

---

उंबरठा

नीरजाताई, नेता येईल, पण कुठे उभं राहायचं हे आधी पक्कं ठरवा.

आल्त्साताला मुलाला आणि सासूबाईंना चौकात नेऊ नका. पिआत्सा ग्रांदे हा कमानींवर तोललेला चौक आहे. एका अंगाला पालात्सो देई कॉन्सोली, समोर पालात्सो प्रेतोरियो आणि दरीकडची बाजू कठड्याची. आत-बाहेर करायचे रस्ते मोजके. दहाच्या सुमारास चौक भरतो आणि त्यानंतर तासभर तरी कोणालाच बाहेर पडता येत नाही. डोक्यावर ऊन, सावली नाही, स्वच्छतागृह नाही.

तरुण, धडधाकट माणसांनी मात्र तिथेच जावं, कारण तो क्षण दुसऱ्या कुठल्याही जागेवरून कळत नाही. तिन्ही चेरी आडवे असतात. दांड्याचं टोक डोलीच्या भोकात घालून लाकडी पाचर ठोकतात. कापोदिएची डोलीवर चढतो, त्याच्या हातात रंगवलेला मातीचा मोठा कुंजा, ‘ब्रोक्का’. त्यातलं पाणी तो त्या सांध्यावर ओततो. पाण्याने लाकूड फुगतं आणि पाचर घट्ट आवळते. मग घंटेचा इशारा होताच कुंजा गर्दीत भिरकावला जातो, कापोदिएची आपलं वजन टाकतो आणि आडवा चेरो एका हिसड्यात उभा राहतो. लोक कुंजाच्या खापऱ्यांवर तुटून पडतात, कारण खापरी घरात असणं शुभ मानतात. खापऱ्यांच्या कडा धारदार असतात आणि झोंबाझोंबी खरी असते. नवख्यांनी कठड्याच्या अंगाला राहावं, चेरींच्या अगदी पुढ्यात नको.

आजी आणि नातवासाठी सर्वांत चांगली वेळ दुपारची. मोस्त्राच्या वेळी तिन्ही चेरी वेगवेगळे फिरतात, वेग कमी असतो, आणि जुन्याजाणत्या खांदेकऱ्यांच्या घरांसमोर ते थांबतात. अंथरुणाला खिळलेला म्हातारा खिडकीत आणून बसवलेला असतो आणि खाली चेरो त्याच्यासाठी उभा असतो. जवळून, निवांत बघता येतं. त्यानंतर अडीच ते पाच व्हिआ साव्हेल्लीवर चेरी ठेवलेले असतात, तिथे मुलाला हात लावण्याइतकं जवळ नेता येतं.

संध्याकाळच्या धावेसाठी पाळायची पथ्यं:

वळणाच्या बाहेरच्या अंगाला कधीही उभं राहू नका. चेरो कलला तर तिकडेच जातो.

व्हिआ दांतेच्या उतारावर खालच्या टोकाला थांबू नका. धाव तिथूनच, थेट उतारावर, पूर्ण वेगात सुटते.

अरुंद गल्लीत भिंतीला चिकटून राहण्यापेक्षा दाराचा कोनाडा किंवा दोन पायऱ्या वर असलेला उंबरठा शोधा. डोलीच्या दांड्या बाहेर आलेल्या असतात आणि चेरोच्या मागे-पुढे धावणाऱ्या माणसांचा लोंढा भिंतीपासून भिंतीपर्यंत असतो.

पाठीवरची पिशवी, छत्री, सेल्फी काठी, बाबागाडी काहीच नको. ‘व्हिआ के एक्कोली!’ अशी आरोळी आली की वाट सोडा, ते आलेच. त्यानंतर फोटोसाठी पुढे वाकायचं नाही.

मुलासाठी आणखी एक पर्याय. २ जूनला ‘चेरी पिक्कोली’ असतो, म्हणजे लहान मुलांनी वाहायचे छोटे चेरी. विधी सगळे तेच, आल्त्साता तीच, धाव तीच, फक्त गर्दी पुष्कळ कमी. शाळेच्या सुट्टीमुळे मे मध्यात जमत नसेल तर २ जून धरून आखा. मधल्या वयाच्या मुलांचा ‘मेत्सानी’ मेच्या उत्तरार्धात एका रविवारी असतो.

---

तिकीटघर

गुब्बिओला रेल्वे नाही. जवळचं स्थानक फोस्सातो दी विको, रोम–आंकोना मार्गावर. तिथून गुब्बिओ सुमारे २० किलोमीटर, बसने.

रोमच्या फियुमिचीनो विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेस या गाडीने तेर्मिनी, म्हणजे रोमचं मुख्य स्थानक, ३२ मिनिटं. तेर्मिनीहून आंकोनाकडे जाणारी गाडी. ती ओर्ते, तेर्नी, फोलिन्यो करत फोस्सातोला साधारण दोन-अडीच तासांत पोचते. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, काही वेळा फोलिन्योला बदलावी लागते. फ्लोरेन्सकडून येणार असाल तर पेरुजाला उतरून बस घ्या, सुमारे ४० किलोमीटरचा घाटरस्ता आहे, तासाच्या वर लागतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढची जागा धरावी.

आता चुका कुठे होतात ते.

बसच्या वेळापत्रकात ‘फेरियाले’ असा शब्द असतो. सुट्टीचा वाटतो, पण अर्थ उलटा आहे. फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. ‘फेस्तिव्हो’ म्हणजे रविवार आणि सणाच्या सुट्ट्या. ‘स्कोलास्तिको’ लिहिलेली फेरी फक्त शाळेच्या दिवशी धावते, तिच्यावर १५-१६ मेला अवलंबून राहू नका. फेस्तिव्होला फेऱ्या अगदी मोजक्या.

गाडी उशिरा आली म्हणून बस थांबत नाही. फोस्सातोला दिवसातल्या शेवटच्या बसशी जोडणारी गाडी घेऊ नका, त्याच्या आधीची घ्या. ते लहान स्थानक आहे, बाहेर टॅक्सी उभी असेलच असं नाही.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं. मोबाइलवरच्या तिकिटाला चेक-इन करायचं. दोन्ही विसरलं की तिकीट असूनही दंड.

संपाला ‘शोपेरो’ म्हणतात आणि तो आधी जाहीर होतो. निघण्याच्या आठवड्यात तपासा. संपातही सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळांत काही गाड्या चालवाव्याच लागतात.

गाडी भाड्याने घेणार असाल तर भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना सक्तीचा आहे. तो आपल्या आरटीओतून निघण्याआधी काढायचा, तिकडे मिळत नाही. रोमहून ए-१ ने ओर्ते, मग ई-४५ ने पेरुजाकडे, एकूण अडीच ते तीन तास. जुन्या गावाच्या आत मर्यादित वाहतुकीचा पट्टा असतो, पाटीवर ‘झोना अ त्राफ्फिको लिमितातो’. कॅमेरा नंबर टिपतो, आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत येतं, वर त्यांचं शुल्क वेगळं. गाडी खाली रोमन रंगमंदिराच्या बाजूच्या वाहनतळावर सोडायची आणि १४ ते १६ तिला हात लावायचा नाही.

---

पाटावरवंटा

जेवणाचं बघू.

१५ मे हा संताच्या सणाचा आदला दिवस, म्हणून परंपरेने मांस वर्ज्य. सकाळपासून गावात खारवलेल्या कॉड माशाचा वास असतो. त्या माशाचे पदार्थ हा या दिवसाचा मान आहे. मासे खाणाऱ्यांनी तो चाखल्याशिवाय येऊ नये.

शाकाहाऱ्यांनी ‘सेंत्सा कार्ने’ एवढंच सांगून भागत नाही. कार्ने म्हणजे मांस, पण पुष्कळ ठिकाणी हॅम किंवा मांसाचं सूप त्यात धरत नाहीत. पूर्ण वाक्य म्हणा: ‘सोनो व्हेजेतारियानो. निएन्ते कार्ने, निएन्ते प्रोशुत्तो, निएन्ते पेशे, निएन्ते ब्रोदो दी कार्ने.’ बाईने म्हणताना ‘व्हेजेतारियाना’. जैन असाल तर पुढे ‘सेंत्सा आल्यो, सेंत्सा चिपोल्ला’ जोडा, म्हणजे लसूण आणि कांदा नको. चीजमध्ये वासराचं रेनेट, म्हणजे दूध फाडण्यासाठी त्याच्या पोटातून काढलेला पदार्थ, असू शकतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पेकोरिनो आणि पार्मिजानो दोन्ही टाळावेत.

पोटभरीचं म्हणजे ‘क्रेश्या’. गोल तव्यावर भाजलेली जाडजूड चपटी भाकर, आडवी चिरून आत पालेभाजी आणि चीज भरून देतात. आपल्या भाकरीपेक्षा बरीच जाड, आतून मऊ, वरून डाग पडलेली. पालेभाजीला तिथे ‘एर्बा’ म्हणतात, ती लसूण आणि तेलावर परतलेली असते. काही ठिकाणी पिठात डुकराची चरबी घालतात, म्हणून ‘चे स्त्रूत्तो?’ असं विचारून घ्या. ‘ब्रुस्तेंगो’ म्हणजे पिठाचं पातळ कालवण तेलात तळून केलेला घावन, तोही हाताशी असतो.

दुपारी भोजनगृहं आरक्षणाशिवाय मिळत नाहीत आणि तीननंतर स्वयंपाकघरं बंद होतात. १४ ला संध्याकाळीच दुकानातून फळं, पाव, चीज, पाण्याच्या बाटल्या आणून खोलीत ठेवा. बाहेर पडताना माणशी दीड लिटर पाणी. काच नको, प्लास्टिक किंवा धातूची बाटली. सुट्टे युरो जवळ ठेवा. छोट्या कॉफीच्या बदल्यात बारमधलं स्वच्छतागृह वापरता येतं, आणि त्या दिवशी तीच मोठी सोय.

---

मोडीवाचक

१४ तारखेला दुपारी पोचलात तर थेट पालात्सो देई कॉन्सोलीच्या संग्रहालयात जा, कारण १५ ला तिथे फिरण्याची अपेक्षा ठेवू नये. आत इगुव्हिअन पाट्या आहेत: १४४४ मध्ये सापडलेल्या काशाच्या ७ पाट्या, उंब्रियन भाषेतल्या. काही एट्रस्कन (इटलीतले प्राचीन लोक) वळणाच्या लिपीत उजवीकडून डावीकडे, काही लॅटिन लिपीत. १४५६ मध्ये गावाने त्या विकत घेतल्या आणि मोबदल्यात मालकाला दोन वर्षांचा चराईचा हक्क दिला. पाट्यांवर मजकूर आहे तो पूजाविधींचा. बळी कुठे द्यायचा, पक्षी कसे बघायचे, शहराची प्रदक्षिणा कशी करायची. चेरींचं मूळ ख्रिस्ती मेणबत्त्यांत की त्याही आधीच्या कुठल्या विधीत, हा वाद इथूनच सुरू होतो. सेरेस या रोमन धान्यदेवीशी नाव जोडणारेही आहेत. कागदोपत्री आधार मेणबत्तीच्या बाजूला जास्त आहे, पण पाट्यांसमोर उभं राहून प्रदक्षिणेचा मजकूर वाचला की दुसऱ्या दिवशी चौकात ध्वजस्तंभाभोवती चेरींच्या फेऱ्या बघताना तो डोळ्यांपुढे येतोच.

त्याच इमारतीच्या मनोऱ्यावर ‘काम्पानोने’ ही घंटा आहे, १७६९ मध्ये ओतलेली, सुमारे २ टनांची. ती दोराने नाही, घंटावादक पायांनी रेटून वाजवतात. १५ ला चौकात असाल तेव्हा मान वर करून मनोऱ्याकडे बघा, माणसं दिसतात.

---

कोल्हापूरकर

वाचताना जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्या आठवल्या. मात्र फरक मोठा आहे. सासनकाठीला वरून सोडलेले दोर चार बाजूंनी माणसं ताणून धरतात, तोल त्यांच्या हातात. चेरोला एकही दोर दिसत नाही. मग धावताना तोल नेमका कोण सांभाळतं? आणि वर चढाला मागे झुकत नाही का?

---

डोंगरयात्री

@कोल्हापूरकर, प्रश्न अचूक. दोर नाहीत, सगळा तोल डोलीच्या चार टोकांवर. आतले खांदेकरी वजन घेतात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला ‘ब्राच्चेरी’ असतात, ते खांदेकऱ्याच्या पाठीमागून हात घालून त्याला घट्ट धरतात, म्हणजे आठ जणांचा एकच गठ्ठा होतो. एकाचा पाय घसरला तरी बाजूचा त्याला तोलून धरतो, डोली खाली जाऊ देत नाही. चढावर पुढचे खांदे आपोआप उंच होतात आणि चेरो मागे झुकू पाहतो, म्हणून मागच्या टोकाला उंच, दणकट माणसं लावतात आणि त्यांच्या मागून रेटणारी रांग असते. वेग हेही तोल राखण्याचंच साधन आहे. संथ गेलं तर माथा दोन्हीकडे डुलायला लागतो.

गावाच्या वरच्या वेशीनंतर डोंगरावरचा वळणांचा रस्ता लागतो, ‘स्त्रादोनी’. तो बघायचा असेल तर चारच्या सुमारास चालायला लागा, गावातून वर पाऊण तास धरा, आणि रस्त्याच्या वरच्या अंगाच्या गवतावर जागा घ्या. चौकातल्या संध्याकाळच्या फेऱ्या आणि डोंगर दोन्ही साधणार नाहीत, एकच निवडा. पहिल्या खेपेला माझं मत चौकाला.

---

नीरजा_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. मग १४ संग्रहालय, १५ दुपारी मोस्त्रा, संध्याकाळी मी आणि नवरा आलटून पालटून. आता १६ तारखेला सासूबाईंना वर बासिलिकेत न्यायचं तर? आणि व्हिसासाठी किती आधी हलायचं?

---

उंबरठा

वर जायला ‘फुनिव्हिया’, म्हणजे रोपवे, आहे, १९६० पासून. बंद डबा नसतो. माणसाच्या छातीपर्यंत येणारा उघडा लोखंडी पिंजरा, दोघांनी उभं राहायचं. तो थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवा. जमिनीवर गोल खूण असते, तिच्यावर उभं राहायचं, पिंजरा मागून येतो, कर्मचारी आत ढकलतो आणि दाराची कडी लावतो. पुढचा माणूस पहिल्या खुणेवर, मागचा दुसऱ्या. उतरताना उलट: कर्मचारी दार उघडतो आणि चालत्या पिंजऱ्यातून दोन पावलं पुढे टाकायची. प्रवास सहा-सात मिनिटांचा. गुडघ्याचा त्रास असेल किंवा उंचीची भीती असेल तर हे नको, वर टॅक्सीने जा. साडी असेल तर पदर खोचून, चपलेऐवजी मागे पट्टा असलेली पादत्राणं. १५ ला ती किती वेळ चालू आहे ते १४ ला खिडकीवर विचारा.

वर बासिलिकेत तिन्ही चेरी उभे करून ठेवलेले असतात, वर्षभर तिथेच असतात. मेच्या पहिल्या रविवारी ते खाली गावात आणतात आणि १५ ला धावत परत जातात. संतांच्या मूर्ती मात्र धावेनंतर त्याच रात्री मशाली-मेणबत्त्यांच्या उजेडात गाणी म्हणत खाली आणतात. ती मिरवणूक सासूबाईंना नक्की दाखवा. गर्दी शांत झालेली असते आणि सगळं गाव हळू आवाजात गात असतं.

---

तिकीटघर

व्हिसा: अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, १५ दिवसांच्या आत घेत नाहीत. मेसाठी भेटीच्या वेळा भराभर संपतात, तेव्हा डिसेंबर-जानेवारीतच वेळ शोधायला लागा. प्रौढांचं शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांचं ४५, म्हणजे तुमच्या मुलाचं निम्मं; केंद्राचा सेवाआकार वेगळा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. इटलीबरोबर इतर शेंगेन देश (त्याच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) असतील तर जिथे सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज. मुक्कामाची आरक्षणं तारखांना तारीख जुळणारी द्या. गुब्बिओची खोली आधी पक्की करा आणि बाकीची सहल तिच्याभोवती लावा, उलटं केलं तर १४-१५ च्या रात्री हाती लागत नाहीत.

---

सायली_जर्सी

अमेरिकेतल्या मंडळींसाठी एक भर. पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनजवळ जेसप नावाचं गाव आहे. कोळशाच्या खाणींत काम करायला गुब्बिओहून गेलेल्या लोकांनी तिथेही उबाल्दो, जोर्जो आणि आंतोनियोची धाव सुरू केली. ती मेच्या अखेरीच्या मेमोरियल डेच्या सुट्टीत शनिवारी असते. न्यू जर्सीहून गाडीने एका दिवसात जाऊन येता येतं. गुब्बिओला जाण्याआधी क्रम, रंग, खांदेपालट हे सगळं नजरेत बसवायला चांगलं.

---

पाटावरवंटा

@नीरजा_पुणे, कपड्यांचं राहिलं. मे मध्यात दुपारी ऊन लागतं, पण सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो आणि लगेच गारवा येतो, वर डोंगरावर तर वाराही. पातळ स्वेटर कमरेला बांधून ठेवा. पाऊस आला तरी धाव होते. छत्री चालत नाही, म्हणून टोपीचा रेनकोट. ओल्या दगडी उतारावर गुळगुळीत तळव्याचे बूट घसरतात, खोल खाचांचे हवेत. गळ्यात लाल रुमाल बांधला तर कोणी काही म्हणत नाही, उलट आनंदच होतो. पण पिवळा, निळा किंवा काळा सदरा विकत घेऊन घालू नका. तो घराण्याने आणि जन्माने मिळतो. आणि मोबाइलचं जाळं संध्याकाळी कोलमडतं, तेव्हा एकमेकांना भेटायची जागा सकाळीच ठरवा. खाली पिआत्सा क्वारान्ता मार्तिरीच्या बागेतलं एखादं झाड सगळ्यांना दाखवून ठेवा. धाव त्या चौकातूनही जाते, म्हणून भेटायची वेळ चेरी डोंगराला लागल्यानंतरची ठेवा.